वसंताच्या सुरुवातीला छोट्या बोटीतून किनाऱ्याजवळ गरवायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: १५ फुटी उघडी बोट, मागे २० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, हिवाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली, समुद्र थंड प्रदेशातला. आता ऊन पडायला लागलंय म्हणून किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांच्या आत दोनदा जाऊन आलात आणि दोन्ही वेळा हात हलवत परत. तर काय चुकतंय, तयारी काय हवी, मासे बसतात कुठे, आणि शेवटी दहा वर्षांच्या मुलाला बरोबर न्यावं का.

तुमच्या लिहिण्यातलं एकच वाक्य मला खटकलं, "हवा मस्त झाली म्हणून निघालो". माझ्या मते सगळं तिथेच चुकतंय, मासे न मिळणं पण आणि बाकीचं पण. वसंत जमिनीवर आलेला असतो हो, पाण्यात अजून हिवाळाच चालू असतो. जमीन दोन दिवसांच्या उन्हात तापते, समुद्राला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून उत्तर गोलार्धात पाणी सगळ्यात गार असतं ते डिसेंबरात नाही तर फेब्रुवारी-मार्चमध्ये (दक्षिणेत हेच ऑगस्ट-सप्टेंबरला धरा). म्हणजे तुम्ही स्वेटर काढून बोट ढकलता त्या दिवशी पाणी वर्षातल्या सगळ्यात गार टोकाच्या जवळपास असतं, हवा १८ डिग्री आणि पाणी ६ डिग्री असं मी कित्येकदा मोजलंय. कपडे, वारा, धुकं, माशांची जागा, आमिष ओढायचा वेग, या दिवसांत हे सगळं पाण्याच्या आकड्यावरून ठरवायचं असतं आणि लोक ते अंगणातल्या उन्हावरून ठरवतात.

आधी जिवाचं बोलतो, मासे नंतर. कंटाळवाणं वाटेल पण वाचा.

एका वर्षी सीझनच्या पहिल्याच दिवशी आम्ही अजून धक्क्यालाच बांधलेले होतो, माझा जोडीदार बादली भरायला वाकला आणि सरळ पाण्यात. पोहण्यात आमच्यात सगळ्यात तरबेज माणूस. वर आला तर तोंड उघडं आणि श्वास नुसता आत आत खेचतोय, बाहेर सोडताच येईना, मी नाव घेऊन ओरडतोय आणि त्याच्या तोंडून एक शब्द नाही. मिनिटभराने तो थोडा शांत झाला, बोटीची कड धरली, आणि मग जे पाहिलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही, बोटं कडेवर होती पण पकड बसतच नव्हती, हात नुसते ठेवल्यासारखे. आम्ही दोघांनी काखेत धरून ओढला तेव्हा तो आत आला. दोन-तीन मिनिटांचा सगळा खेळ, आणि नंतर जॅकेटची चेन त्याला स्वतःला उघडता येत नव्हती, ती पण मीच उघडली.

याचा एक सोपा हिशेब आहे, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात उतरून उतरून अभ्यास केला त्यातून तो लोकांपर्यंत पोचला, १-१०-१ म्हणतात. बर्फासारख्या गार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, त्या मिनिटात दुसरं काही करायचं नाही, तोंड पाण्याच्या वर ठेवायचं बस. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, जे काय वर चढायचं, रेडिओ दाबायचा ते त्यातच. आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. लोकांना वाटतं माणूस गारठून मरतो, पण बरेच जण त्या तासापर्यंत पोचतच नाहीत, पहिल्या मिनिटात पाणी छातीत जातं नाहीतर दहाव्या मिनिटाला हात सुटतो. म्हणून लाइफजॅकेट बोटीत ठेवून काही उपयोग नाही, ते धक्क्यावरच अंगात घालायचं आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढायचं, कारण पडल्यावर ते घालायला लागणारी बोटं तुमच्याकडे नसतात. आपोआप फुगणारं असेल तर सीझनच्या आधी उघडून आतला गॅसचा सिलेंडर घट्ट बसलाय का बघा आणि वजन करा, त्याच्यावर ग्रॅम कोरलेले असतात, कमी भरला तर बदला. पायांमधून जाणारा पट्टा लावा, नाहीतर ते फुगतं आणि तुमच्या कानापर्यंत चढून बसतं.

कपडे पाण्याच्या हिशेबाने घालायचे. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा अंगभर सूट) किंवा निदान तरंगणारा फ्लोटेशन सूट, आतमध्ये लोकर किंवा सिंथेटिक, सुती काहीही नाही. उन्हात घाम येईल, येऊ दे. बोटीवर चढायला मागे शिडी नसेल तर एक दोरी कड्याला बांधून तिचं फूटभर मोठं रिकिबीसारखं वेटोळं करून ठेवा, असं की पाण्यातून हात वर करून ओढलं की खाली पडेल, त्यात पाय देऊन चढता येतं. उन्हाळ्यात एकदा कमरेएवढ्या पाण्यात करून बघा, पहिल्या वेळी हमखास जमत नाही. आणि इंजिनच्या किल स्विचची दोरी (ती खेचली गेली की इंजिन बंद पडतं) पायाला किंवा जॅकेटला अडकवाच. एकटे जात असाल तर ती दोरी म्हणजे बोट तुमच्याजवळ थांबणार की तुम्हाला सोडून निघून जाणार एवढा फरक आहे, आणि कधीकधी रिकामी बोट गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते.

कुणाला पाण्यातून काढलं तर शक्यतो आडवं काढा, आडवंच झोपवा, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. चोळायचं नाही, आणि दारू तर अजिबात नाही, तिने कातडीकडचं रक्त वाढतं आणि आतली उरलीसुरली ऊब पण जाते.

हातातला वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ अंगावर बांधलेला हवा, चॅनल १६ लावून, मदत मागायचं चॅनल तेच. मोबाईल पण प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा पण त्याच्या भरवशावर राहू नका, ओल्या गारठलेल्या बोटाला तो स्क्रीन दाद देत नाही. घरी कुणालातरी सांगून जा की कुठे चाललोय आणि किती वाजता परत, आणि त्या वेळेनंतर किती वाट बघून फोन करायचा.

आता इंजिन. हिवाळाभर पडून असलेलं इंजिन धक्क्यावर सुरू झालं याचा अर्थ फक्त एवढाच की ते सुरू झालं. माझं एकदा धक्क्यावर झकास चाललं, बारा-पंधरा मिनिटं वेगात गेलो आणि खोकत खोकत बंद. फिल्टर काढून काचेच्या बरणीत ओतला तर खाली दोन बोटं पाणी, वर पेट्रोल, मध्ये सरळ रेघ. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पडून राहिलं की हवेतला ओलावा पितं आणि एका मर्यादेनंतर ते पाणी इथेनॉलला घेऊन तळाशी जाऊन बसतं, मंद चालवताना कळत नाही, लाटांवर टाकी हिंदकळली की तळातलं सगळं वर येतं. म्हणून जुनं पेट्रोल काढून टाका, पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा घाला, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी प्रायमर बल्ब दाबून बघा, चिरा पडल्या असतील किंवा दाबल्यावर परत फुगत नसेल तर बदला. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपातलं चाक म्हणजे इम्पेलर, त्याच्या रबरी पात्या एका जागी वाकून तशाच राहतात, इंजिनमागून पाण्याची धार जोरात पडतेय ना ते पहिल्या पाच मिनिटांत बघा. आणि बुडाचं बूच. हसू नका, हिवाळ्यात पाणी निथळायला काढलेलं बूच विसरून बोट पाण्यात ढकलणारे अनुभवी लोक मी पाहिलेत, त्यातला एक मीच. पहिली फेरी गळ न घेता करा, बंदराच्या आत अर्धा तास पूर्ण वेगात, मगच बाहेर. पेट्रोलचा हिशेब तिसऱ्या भागाचा, एक भाग जायला, एक यायला, एक हात न लावायचा.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या कारण छोट्या बोटीला फसवते ती हीच. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर किनाऱ्यावर उभं राहिल्यावर पाणी आरशासारखं दिसतं. लाटा वाढायला वाऱ्याला लांब मोकळं पाणी लागतं आणि किनाऱ्याजवळ ते नसतं, पण दोन मैल बाहेर गेलात की हळूहळू वाढत जातं, तुम्ही पाठीवर वारा घेऊन मजेत जाता आणि परतताना तोच तोंडावर. अशा दिवशी इंजिन बंद पडलं तर बोट किनाऱ्याकडे येत नाही, उलट दूर जाते. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १० नॉटचे २० झाले की दुप्पट नाही, चौपट रेटा. माझी स्वतःची मर्यादा १५ फुटी बोटीला या दिवसांत १२ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), त्याच्यावर अंदाज असेल तर मी घरी बसून रीलला तेल घालतो.

दुसरं म्हणजे खारे वारे. जमीन तापलेली आणि पाणी गार, हा फरक वसंतात चांगलाच मोठा असतो, त्यामुळे सकाळी निपचित असलेला समुद्र उघड्या उन्हाच्या दिवशी दुपारी एक-दोनपर्यंत चांगला उसळायला लागतो, अंदाजात ५ नॉट लिहिलेले असले तरी. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा समोरून आत येणारा अशी गाठ पडली तर लाटा उभ्या होतात, आखूड आणि उंच. नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. २ मीटरचा फुगवटा १२ सेकंदांनी येत असेल तर बोट लिफ्टसारखी वर-खाली होते, एवढंच. १ मीटरची लाट ४ सेकंदांनी येत असेल तर हाडं खिळखिळी होतात आणि पुढच्या टोकावरून पाणी आत येतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर ओहोटीच्या भर जोरात तिथून आत-बाहेर करू नका, भरती वर चढत असताना किंवा पाणी थांबलेलं असताना करा.

भरती-ओहोटीचं या दिवसांत अजून एक आहे. २०-२१ मार्चच्या आसपास दिवस-रात्र समान होतात, तेव्हाच्या अमावस्या-पौर्णिमेची उधाणं वर्षातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी असतात (सप्टेंबरात परत तसंच). म्हणजे नेमकं तुम्ही सीझन सुरू करता तेव्हा करंट सगळ्यात जोराचा. साधारण सहा तासांच्या भरतीत पाणी एकसारखं चढत नाही, बारा भाग केले तर दर तासाला १, २, ३, ३, २, १ असं, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी जातं. छोट्या बोटीला माझा सल्ला, अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस धरा, करंट कमी म्हणून गळाला वजनाला लावायचं शिसं पण हलकं पुरतं आणि गारठ्यात धावायची ताकद नसलेला मासा पण आमिषापर्यंत पोचू शकतो.

धुकं. उबदार दमट हवा गार पाण्यावरून सरकली की खालून थंड होऊन धुकं धरतं, आणि हे ऊन पडलं म्हणून विरेलच असं नाही कारण ते खालून पाण्यामुळे तयार होतंय. जमिनीवर लख्ख ऊन आणि समुद्रावर कापसाची भिंत. लांबवर क्षितिजाची रेघ पुसट झाली की गळ गुंडाळा, ते यायला दहा मिनिटं पुरतात. कंपास हवाच, जीपीएसची बॅटरी गारठ्यात लवकर उतरते. आणि शिट्टी किंवा हाताचा भोंगा ठेवा, टक्कर टाळायच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत १२ मीटरपेक्षा लहान बोटीला घंटा वगैरे सक्तीची नाही पण धुक्यात २ मिनिटांच्या आत कसला तरी जोराचा आवाज करत राहणं बंधनकारक आहे. मोठं जहाज तुमची फायबरची बोट रडारवर बघेलच असं समजू नका.

बरं, आता मासे.

माशाचं अंग पाण्याच्याच तापमानाचं असतं. पाणी १० डिग्रीने उतरलं की शरीराचं कामकाज ढोबळमानाने निम्म्यावर येतं. म्हणजे भूक कमी, पचन हळू, धावायची हौस नाही. तुम्ही उन्हाळ्यात जिथे आणि जसं गरवता तसंच करून बघितलंत असं दिसतंय (चमचा, म्हणजे चकाकतं पत्र्याचं आमिष, फेकून भराभर ओढला, खडकाच्या टोकाशी), तिथे आत्ता मासा नाही आणि असला तरी त्या वेगाच्या मागे तो येणार नाही.

हिवाळ्यातल्या वाऱ्यांनी किनाऱ्याजवळचं उथळ पाणी वरपासून खालपर्यंत ढवळून काढलेलं असतं, वरचं आणि तळाचं तापमान जवळजवळ सारखं. उन्हाळ्यासारखे थर नसतात. मग ऊब येते कुठून? सगळ्यात उथळ जागेतून. काळा चिखल ऊन पितो, ओहोटीला उघडा पडलेला चिखल दुपारपर्यंत तापतो, भरतीचं पाणी त्याच्यावर चढून उबदार होतं आणि पुढच्या ओहोटीला तेच पाणी खाडीच्या मुख्य खोल धारेतून बाहेर येतं. त्या धारेच्या काठावर, जिथे दोन मीटरचं पाणी एकदम पाच मीटर होतं, तिथे आत्ता मासा असतो. म्हणून या दिवसांत मी पहाटे उठत नाही! लोकांना पटत नाही, पण वसंताच्या सुरुवातीला माझी चांगली वेळ म्हणजे दुपारच्या ओहोटीचे पहिले दोन-अडीच तास, उन्हाळ्यात हाच माणूस तुम्हाला सूर्योदयाआधी पाण्यावर दिसेल. खाऱ्या वाऱ्याची अडचण आहे, मान्य, पण ही जागा खाडीच्या आत किंवा तोंडाशी असते, तिथे आडोसा मिळतो, आणि दोन-तीन मैल बाहेर जायची गरजच उरत नाही. तुमच्या दोन रिकाम्या फेऱ्यांचं माझ्या मते हेच कारण, तुम्ही फार लांब गेलात.

फिशफाइंडरवरचा तापमानाचा आकडा फक्त वरच्या वीतभर पाण्याचा असतो हे लक्षात ठेवा. जिथे नदीतून बर्फ वितळलेलं पाणी येतं तिथे तर तो पुरता फसवतो, गोडं पाणी हलकं म्हणून वर पसरतं, वर ४ डिग्री दिसतं आणि दोन मीटर खाली खारं पाणी ७ डिग्री. मी एक जुनी युक्ती करतो, साध्या काचेच्या थर्मामीटरचा फुगा कापडाच्या जाड गुंडाळीत बांधायचा, शिसं लावून दोरीने तळापर्यंत सोडायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि भराभर ओढून लगेच वाचायचा. गुंडाळीमुळे आकडा वर येईपर्यंत फारसा बदलत नाही. एका दुपारी चार-पाच ठिकाणी हे करा, एक-दीड डिग्रीचा फरक सापडला तर तीच जागा. गढूळ गोडं पाणी आणि स्वच्छ खारं पाणी यांची रेघ वरून दिसत असेल तर रेघेच्या खाऱ्या बाजूला गळ टाका, तळाशी.

सगळ्या माशांना ऊब हवी असं पण नाही. कॉडला गारच आवडतं, पाणी तापलं की तो उलट खोल जातो, म्हणून किनाऱ्याजवळ कॉडची हीच शेवटची संधी. विंटर फ्लाउंडर हिवाळा खाडीतच काढतो, अंडी घालून चिखलातून उठतो तेव्हा उपाशी असतो, आणि पाणी तापलं की बाहेर निघून जातो. स्ट्राइप्ड बाससारखे मासे पाणी ८-१० डिग्रीच्या आसपास पोचलं की हलायला लागतात, त्याआधी त्यांच्यामागे पेट्रोल जाळू नका. युरोपातला प्लेस वसंतात किनाऱ्याकडे येतो खरा पण अंडी घालून आलेला, हडकलेला, मांस पाणचट, मी तो सोडून देतो आणि महिना-दोन महिने थांबतो. तुमच्याकडे कोणता मासा या दिवसांत बंद आहे आणि किमान लांबी किती हे निघायच्या आधी बघाच, बरेच नियम नेमके अंडी घालायच्या काळाभोवतीच असतात आणि दरवर्षी बदलू शकतात.

आमिष छोटं करा. गांडुळासारखे समुद्री किडे, शिंपल्याचं मांस, कात टाकत असलेला खेकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. उन्हाळ्यात बोटभर लावता तिथे आत्ता दीड इंच, गळ एक-दोन नंबर लहान. कृत्रिमच वापरायचं असेल तर छोटं जिग (गळालाच शिशाचं डोकं असलेलं आमिष) आणि ते फेकून ओढायचं नाही, बोटीखाली सरळ सोडायचं, तळाला टेकवायचं, वीतभर उचलायचं, आणि थांबायचं. मनात पाच आकडे मोजा, तुम्हाला वाटेल फार झालं, अजून तीन मोजा. बहुतेक वेळा मासा थांबलेलं असतानाच घेतो.

आणि घेतो म्हणजे कसं, ते सांगतो कारण इथेच नवीन माणसाचे निम्मे मासे जातात. धक्का बसत नाही. रॉडचं टोक वाकत पण नाही. वाहत्या बोटीत शिसं तळावरून घासत जातं तेव्हा टोकाला एक बारीक कुरकुर सतत चालू असते, दगडाला टक, वाळूत सर्र, परत टक. मासा घेतो तेव्हा ती कुरकुर बंद होते. बस एवढंच. लाइन ओल्या कपड्यासारखी जड वाटते, शेवाळ अडकल्यासारखी. तेव्हा झटका द्यायचा नाही, रॉड समोर खाली करून हातभर सैल द्यायचं, तीन मोजायचे आणि मग हळू उचलत नुसतं गुंडाळायला लागायचं, सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर तो स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ही कुरकुर कळायला ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन हवी, मोनो म्हणजे एकपदरी नायलॉनची ताणली जाते आणि सगळं गिळून टाकते, गळाकडच्या टोकाला मीटरभर मोनोचा तुकडा (लीडर) पुरे. हातमोजे घाला पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट कापलेले, लाइन उघड्या बोटावर ठेवायची.

वाहण्याचा वेग अर्धा नॉट, फार तर पाऊण. जीपीएसवर बघा, जास्त असेल तर पुढून ड्रोग सोडा, तो पाण्यातल्या पॅराशूटसारखा बोट धरून ठेवतो. लाइन जवळजवळ उभी राहिली पाहिजे, मागे तिरकी पळत असेल तर शिसं वाढवायच्या आधी बोट हळू करा.

नांगर टाकायचा असेल तर पुढच्याच टोकावरून. मागून कधीही नाही, मागची बाजू बुटकी असते, त्यात इंजिनचं वजन, करंटने बोट ओढली की पाणी सरळ आत येतं, आणि एकदा आलं की थांबत नाही. दोर खोलीच्या पाच ते सात पट, म्हणजे १० मीटर पाण्यात ५० ते ७०, आणि नांगराला लागून बोटीच्या लांबीएवढी तरी साखळी. खडकाळ तळ असेल तर साखळी नांगराच्या बुडाला पक्की बांधा आणि वरच्या कडीला फक्त प्लास्टिकच्या केबल टायने. अडकला तर दोर पुढच्या खुंटीला घट्ट करून इंजिनने हळू ओढा, टाय तुटतो, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. टाय फार जाड लावू नका, मी एकदा हौसेने तीन लावले आणि नांगर अजून तिथेच आहे.

अजून एक, एखाद दिवशी पाणी एकदम हिरवट दिसेल आणि लाइनवर शेंबडासारखा चिकटा येईल. ऊन वाढलं की सूक्ष्म शैवाल झपाट्याने वाढतं, त्याचा हा प्रकार. माशाला तेव्हा दिसत कमी, वासावर जास्त चालतो, म्हणून चकाकणारं काही न लावता वासाचं आमिष लावा आणि दर दहा मिनिटांनी गळ वर काढून पुसा. पण तो आला म्हणजे दोन-तीन आठवड्यांत छोटे जीव आणि त्यांच्या मागे मोठे मासे येणार, म्हणून चिकट्याला मी शिव्या देत नाही.

रिकामे दिवस येतीलच. मला या महिन्यात चार फेऱ्यांतली एक चांगली लागली तर मी खूश असतो.

राहिला मुलाचा प्रश्न. आत्ता नको. लहान अंग मोठ्यापेक्षा फार लवकर गारठतं, आणि तो पाण्यात पडला तर तुम्ही मागोमाग उडी मारणार हे मला इथे बसून कळतंय, म्हणजे बोटीत कुणीच नाही. पाणी, परत सांगतो हवा नाही, १५ डिग्रीच्या वर गेलं की चांगलं मापाचं जॅकेट घालून खाडीच्या आतल्या आत एक तास न्या. तोपर्यंत धक्क्यावर बसवून त्याच्या हातात तो कापड गुंडाळलेला थर्मामीटर द्या, दर शनिवारी एकाच जागी, एकाच खोलीवर सोडून आकडा लिहायला सांगा. १५ लिहिलं की त्याने स्वतः येऊन सांगायचं.